तलावाकाठी तंबू, पायात बूट, हातात गळ: या चुका टाळा

‘पहिल्या दिवशी दुपारी निघू, संध्याकाळी तलावावर पोहोचू, तंबू ठोकू आणि निवांत गळ टाकून बसू. दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगर, दुपारी परत येऊन मासे, रात्री शेकोटी.’ असा बेत कागदावर फार देखणा दिसतो. त्यात खोट एकच. माशांना हे वेळापत्रक कोणी दाखवलेलं नसतं.

गोड्या पाण्यातले बरेचसे मासे उजाडताना आणि अंधारून येताना काठाजवळ चरायला येतात. भर दुपारी उथळ पाणी तापलं आणि उजेड डोक्यावर आला की ते खोल सरकतात. म्हणजे मासेमारीचे सोन्यासारखे तास दिवसाला दोनच, आणि तेही दोन्ही टोकांना. आता डोंगराचं बघा. चढाई सकाळी लवकर सुरू करायची असते, कारण डोंगराळ भागात वादळी ढग बहुधा दुपारनंतर जमतात. तंबू ठोकायलाही संध्याकाळचाच उजेड लागतो. एकाच वेळेवर तिघांचा हक्क! अशा सहलीत जे काही बिघडतं, त्यातलं निम्मं या ओढाताणीतून बिघडतं, असं माझं मत झालं आहे. सामान विसरल्यामुळे फारसं काही अडत नाही.

उपाय साधा आहे, पण मनाला पटत नाही. दिवस वाटून घ्या. पहिला दिवस फक्त पोहोचण्याचा. त्या दिवशी रॉड पिशवीतून काढायचाच नाही. दुसरा दिवस पूर्ण मासेमारीचा: पहाटे गळ, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा गळ. तिसरा दिवस डोंगराचा. दोनच दिवस हाताशी असतील तर डोंगर किंवा मासे, यांपैकी एकावर पाणी सोडा. मी स्वतः हे शिकायला बराच वेळ लावला. एकदा ‘अजून एकदाच टाकतो’ म्हणत अंधार होईपर्यंत काठावर रेंगाळलो आणि मग तोंडात टॉर्च धरून तंबूचे खांब जोडले. जागा सपाट वाटली होती. रात्रभर मी उतारावरून घसरत तंबूच्या दारात जमा होत होतो.

चालण्याचा हिशेब नकाशावरून फसतो

नकाशावर बारा किलोमीटर म्हणजे तीन तास, असं आपण सहज बोलून जातो. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ढोबळ नियम आजही वापरात आहे: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला वरचा एक तास. म्हणजे बारा किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर जवळजवळ साडेतीन तास. हा हिशेब तंदुरुस्त माणसाचा, हलक्या ओझ्याचा आणि न थांबता चालण्याचा आहे. पाठीवर तंबू, रेशन आणि मासेमारीची पेटी असेल तर पाच तास धरा. तलावाकाठची वाट दलदलीला वळसे घालत, दगडांवरून उड्या मारत जाते, तेव्हा पाचही कमी पडतात.

याच कारणाने परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून निघावी. ‘दुपारी एक वाजता जिथे असू तिथून मागे’ हे वाक्य शिखर दिसायला लागल्यावर कोणाच्या तोंडून निघत नाही. कुठे जातोय, कोणत्या वाटेने, कधी परतणार आणि किती उशीर झाला तर मदत मागवायची, हे घरी कोणाला तरी लिहून द्या. तोंडी सांगितलेलं तिसऱ्या दिवशी कोणालाही धड आठवत नाही.

मोबाइलचं म्हणाल तर नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. सिग्नल नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी त्यातच जाते. फ्लाइट मोडवरही बहुतेक फोनचं जीपीएस चालतं. थंडीत फोन अंगालगतच्या खिशात ठेवा. कागदी नकाशा, होकायंत्र आणि शिट्टी या तिघांचं मिळून वजन रॉडवरच्या एका रिळापेक्षा कमी भरतं. तीन शिट्ट्या, थोडं थांबून पुन्हा तीन, हा बऱ्याच ठिकाणी मदतीचा इशारा मानतात.

पाण्याला खेटून तंबू

फोटोत हेच दिसतं: तंबूचं दार उघडलं की समोर पाणी. प्रत्यक्षात तंबू पाण्यापासून निदान ६०-७० मीटर लांब हवा. रात्री थंड हवा जड होऊन खोलगट जागी साचते आणि तलावाचा काठ हीच आसपासची सगळ्यात खोल जागा असते. वर पाण्याची दमट हवा. सकाळी तंबू आतून ओला आणि स्लीपिंग बॅग गार. लोकांना वाटतं तंबू गळतोय. तो गळत नसतो, तुमच्या श्वासाची वाफ गार कापडावर थिजलेली असते. थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद केल्या की हे आणखी वाढतं. वरची झडप रात्रभर उघडी ठेवा आणि ओले कपडे आत वाळत घालू नका.

तलाव धरणाचा असेल तर आणखी एक गोष्ट. वर कुठेतरी पाऊस झाला तर इथे ऊन असतानाही पाणी चढू शकतं. काठावर काटक्या आणि वाळलेल्या गवताची रेघ दिसते ना, ती पाण्याने आपली हद्द सांगितलेली असते. तंबू त्या रेघेच्या बऱ्याच वर. जनावरांच्या पाणवठ्याची वाटही टाळा. चिखलातले खुरांचे ठसे जिथे एकवटतात, ती त्यांची येण्याजाण्याची जागा. आणि वर मान करून बघा: वाळलेली फांदी किंवा मेलेलं झाड डोक्यावर असेल तर तिथून उठा, जागा कितीही सपाट असो.

वाऱ्याचा पेच इथे गमतीदार आहे. ज्या काठावर वारा लाटा आणून आपटतो, तिकडे पाण्यातलं सूक्ष्म खाद्य वाहत जमतं, त्यामागे बारके मासे आणि त्यांच्यामागे मोठे. म्हणजे गळ टाकायला तोच काठ चांगला आणि तंबूला तोच वाईट. दोन्ही एकाच जागी साधायचा हट्ट सोडा, थोडं चाला. वाळूत खुंट्या धरत नसतील तर दोरी एखाद्या काठीला मधोमध बांधून ती काठी आडवी पुरा आणि वर दगड ठेवा.

झोपेच्या बाबतीत सगळे स्लीपिंग बॅगवर खर्च करतात आणि खाली काहीतरी अंथरतात. अंगाखाली दबलेल्या बॅगेत हवा उरत नाही, त्यामुळे पाठीकडची ऊब थेट जमिनीत जाते. मॅटची ऊब धरण्याची ताकद आर-व्हॅल्यूमध्ये मोजतात. उन्हाळी रात्रीला दोनच्या आसपास चालते, गोठवणाऱ्या थंडीत चार किंवा जास्त हवी. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर त्यांचे आकडे बेरजेत धरता येतात. नुसती हवा भरलेली पोकळ गादी मऊ असते, उबदार नसते.

स्वच्छ दिसणारं पाणी

तळ दिसतो म्हणजे पाणी पिण्याजोगं, हा समज जुना आहे आणि पोटाला महाग पडतो. जिआर्डियासारखे परजीवी डोळ्यांना दिसत नाहीत. खळखळून एक मिनिट उकळा. २००० मीटरपेक्षा उंचीवर असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. ०.१ ते ०.२ मायक्रॉन इतक्या बारीक छिद्रांचे फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतात, विषाणू त्यातून निसटतात. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीपुढे क्लोरीनच्या गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही.

फिल्टरमधून पाणी येईनासं झालं तर जोर लावून दाबू नका. उलट्या दिशेने स्वच्छ पाणी सोडून तो धुवा आणि पुढच्या वेळी गढूळ पाणी आधी कापडातून गाळा. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला तर तो बाद समजावा, कारण आतल्या चिरा बाहेरून दिसत नाहीत. म्हणून कडाक्याच्या रात्री तो स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा किंवा दाट साय धरल्यासारखा थर असेल, तर तिथे उकळणंही कामाचं नाही. नील-हरित शेवाळाचं विष उकळून जात नाही. तिथलं पाणी पिऊ नका, तिथे पोहू नका, आणि कुत्रा सोबत असेल तर त्यालाही लांब ठेवा.

शौचाला जाण्याची जागाही पाण्यापासून तितकीच, ६०-७० मीटर लांब. १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा आणि वर माती. भांडी तलावात धुऊ नका, पाणी बाजूला नेऊन धुवा, मग साबण कितीही ‘निसर्गस्नेही’ असला तरी.

पाण्यात पडणं

उन्हात हवा गरम लागली म्हणून पाणी गरम नसतं. डोंगरातल्या तलावाचं पाणी उन्हाळ्यातही अंग बधिर करू शकतं. थंड पाण्यात पडल्यावर काय होतं ते लक्षात ठेवायला १-१०-१ असे आकडे सांगतात: पहिलं एक मिनिट धाप आवरण्याचं, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि थंडीने शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो. बुडणारे बहुधा त्या शेवटच्या तासापर्यंत पोहोचतच नाहीत. पहिल्या धापेतच पाणी नाकातोंडात जातं. पट्टीचा पोहणाराही याला अपवाद नाही. म्हणून लाइफ जॅकेट होडीत बुडाखाली ठेवायचं नसतं, अंगात घालून पट्टे आवळायचे असतात. काठाच्या निसरड्या दगडांवर उभे राहून गळ टाकत असाल तरीही.

होडी किंवा कयाक नेणार असाल तर आधी वाऱ्याविरुद्ध जा. सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारी वारा उठतो, आणि वाऱ्यासोबत मजेत लांब गेलेल्यांना दमलेल्या हातांनी लाटा कापत परतावं लागतं.

मेघगर्जना ऐकू आली की पाण्यावरून बाहेर या आणि रॉड खाली ठेवा. रॉडमधलं कार्बन फायबर विजेचं वाहक आहे, आणि उघड्या पाण्याकाठी ती उंच काठी हातात धरून उभं राहणं म्हणजे आ बैल मला मार. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. भिजलात तर सुती कपडे आधी उतरवा. ओला सुती कपडा ऊब धरत नाही, लोकर आणि पॉलिस्टर थोडीफार धरतात.

गळाला काहीच लागत नाही

सगळ्यात मोठी चूक मासेमारीच्याही आधीची आहे: मासे मिळणारच, म्हणून रेशन कमी नेणं. पाण्यात म्हैस, वर मोल! जेवण पूर्ण न्या, मासा मिळाला तर तो वरकड. परवाना, बंदीचा हंगाम, किती आणि केवढे मासे ठेवता येतात, जिवंत आमिष चालतं का, हे तलावागणिक बदलतं आणि तिथे पोहोचल्यावर विचारायला कोणी नसतं. निघण्याआधीच विचारा. शेकोटीचंही तसंच.

दुपारी काही लागत नसेल तर आमिष बदलत बसण्यापेक्षा खोली बदला. पाण्यात झुकलेल्या झाडांची सावली, बुडालेले ओंडके, ओढा तलावाला मिळतो ती जागा, उथळ पाणी एकदम खोल होतं ती कड, तिथे टाका. पाणी नितळ असेल तर बारीक लाइन (गळाची दोरी) आणि छोटा गळ. काठावर धपाधपा चालू नका, माशांना जमिनीतली थरथर कळते.

मासा लागून सुटत असेल तर बहुतेक वेळा गाठ दोषी असते. आवळण्याआधी गाठ ओली करा. कोरडी नायलॉन घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की लाइन किती जोराला सुटावी तो ब्रेक, लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवा. लाइन वेटोळी होऊन येत असेल तर ती जुनी झाली आहे, नवी भरा.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर मासा सोडताना त्याला इजा कमी होते, आणि तुमच्या बोटात घुसला तर तुम्हालाही. मासा परत सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं संरक्षण आहे. डोळ्याजवळ गळ घुसला तर तो ओढू नका, हलणार नाही असा झाका आणि डॉक्टर गाठा.

मासे तंबूपासून लांब साफ करा. मासे साफ करताना घातलेले कपडे आणि सगळं खाणं तंबूबाहेर, जनावराला पोहोचता येणार नाही असं ठेवा. अस्वलांच्या प्रदेशात यासाठी ठरवून दिलेले डबे असतात, तेच वापरा.

शेगडी पेटत नाही

थंड पहाटे गॅसची शेगडी नुसती फुरफुरत असेल तर डबा रिकामा असेलच असं नाही. ब्यूटेन उणे ०.५ अंशाखाली वायूरूप होत नाही. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि डबा रात्री अंगाजवळ ठेवा. आगीवर मात्र कधीच तापवू नका. बाहेर पाऊस आहे म्हणून तंबूत शेगडी किंवा निखारे नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आधी डोकं दुखतं आणि मग झोप लागते.

शेकोटी विझवताना पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. राखेवर उघडा हात टेकवता आला तरच ती विझली.

निघताना लाइनचे तुटके तुकडे वेचा, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. बूट, जाळी आणि होडीतलं पाणी तिथेच काढून टाका, आणि दुसऱ्या तलावावर नेण्याआधी सगळं खडखडीत वाळवा. झेब्रा शिंपल्यांसारखे जीव असेच ओल्या सामानातून एका पाण्यातून दुसऱ्यात गेले आहेत. तंबू घरी आल्या दिवशीच उघडून पसरा, दोन दिवस पिशवीत ओला राहिला की बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि ते धुऊन जात नाहीत.