शब्दकोशावर चालणारे गुप्तसंदेश सॉफ्टवेअर : या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकमधील आमच्या नातेवाइकांच्या मुलांसाठी आम्ही खजिनाशोधाचा खेळ ठेवला होता आणि ‘च’ची भाषा आता सर्वांनाच येत असल्यामुळे त्याच्या चिठ्ठ्या शब्दकोशावर चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमने तयार केल्या होत्या. अशा प्रोग्रॅममध्ये प्रत्येक शब्दाऐवजी शब्दयादीतील त्याचा चार अंकी क्रमांक लिहिला जातो आणि उकलणारा तीच यादी वापरून क्रमांकाचा पुन्हा शब्द करतो. गंगापूर रोडच्या घरी लिहिलेली ‘काळा दगड शोधा’ ही चिठ्ठी पंचवटीतील लॅपटॉपवर ‘कावा दगड शोधा’ अशी उकलली आणि मुले अर्धा तास घाटावर भटकत राहिली.

दोष प्रोग्रॅममध्ये नव्हता. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, क्रमात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच नंतर येते, तर आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. एका संगणकावर यादी पहिल्या क्रमाने लागली होती आणि दुसऱ्यावर कोणीतरी ती वर्णमालेप्रमाणे पुन्हा लावली होती, त्यामुळे ‘काळा’च्या जागी ‘कावा’ येऊन बसला. ‘दगड’ आणि ‘शोधा’ मात्र जागचे हलले नाहीत, आणि नेमकी हीच खूण निदानाला उपयोगी पडते. काही ठरावीक शब्दच चुकत असतील तर यादीचा क्रम तपासावा. एका ठिकाणापासून पुढचे सगळे शब्द एका घराने सरकलेले असतील तर तिथे एखादी ओळ जास्त किंवा कमी आहे असे समजावे. आणि पहिल्या शब्दापासून सगळेच एका घराने सरकले असतील तर एक प्रोग्रॅम ० पासून आणि दुसरा १ पासून मोजत असण्याची शक्यता मोठी असते. क्रमांक ओळीवरून मोजण्याऐवजी फाइलमध्ये शब्दाशेजारीच लिहून ठेवला की हे तिन्ही प्रश्न एकदम मिटतात.

‘शब्द यादीत नाही’ असा संदेश येतो आणि शब्द तर डोळ्यांसमोर दिसत असतो, तेव्हा चूक बहुधा टंकलेखनाची असते. ‘दऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्या’ नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’नेही लिहिता येतो आणि साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो, दिसायला दोन्ही सारखे असले तरी संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चेही तसेच आहे. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया, या जोड्या एकत्र करत नाही, म्हणून त्यांच्यासाठी बदलाचा नियम स्वतःच लिहावा लागतो.

मराठीत ‘घाट’ यादीत असला तरी ‘घाटावर’ सापडेलच असे नाही, म्हणून प्रत्ययांना आणि सुट्या अक्षरांनाही क्रमांक द्यावेत. यादीत नसलेले विशेषनाम कंटाळा करून उघडे लिहिणे ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण ‘रविवार कारंजा’ एवढे जरी उघडे राहिले तरी बाकीच्या आकड्यांचा अंदाज बांधता येतो. १९१७ च्या झिमरमान तारेत, म्हणजे पहिल्या महायुद्धात जर्मनीने मेक्सिकोसाठी पाठवलेल्या गुप्त तारेत, ‘ॲरिझोना’ हा शब्द संकेतकोशात नव्हता, तरी तो तुकडे पाडून आकड्यांतच पाठवला गेला होता.

एक्सेलमध्ये क्रमांक चिकटवल्यास ०४५७ चा ४५७ होतो. म्हणून तो स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा.

‘आहे’साठी दर वेळी तोच आकडा आला की वारंवारतेवरून तो ओळखता येतो, त्यामुळे क्रमांकांत यादृच्छिक अंक मिळवण्याची पद्धत आहे आणि दोन्ही बाजूंकडे असलेला त्या अंकांचा प्रत्येक कागद एकदाच वापरायचा असतो. ही बेरीज हातचा न धरता करायची असते, आणि शाळेची सवय नेमकी इथेच आडवी येते. ४१२७ मध्ये ९३६५ मिळवले की ३४८२ येतात आणि उकलताना उसना न मागता प्रत्येक अंक स्वतंत्रपणे (वरचा अंक लहान असल्यास त्यात १० मिळवून) वजा केला की ४१२७ परत मिळतात. कोणी हातचा धरलाच, तर १३४९२ असा पाच अंकी गट तयार होतो. चार अंकी संदेशात असा गट दिसला की आधी पाठवणाऱ्याची बेरीज तपासावी.