माटोळीला घरची काकडी हवी असेल तर

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर फळे-भाज्या बांधून टांगतात ती माटोळी. तिच्यासाठी घरचे पिकवायचे तर सगळ्यांत आधी लागते ते पंचांग. कुदळ, खुरपे, हातमोजे, झारी हे सगळे घरात हौसेने आणि लगेच येते. चवथ कधी आहे हे मात्र जुलै उजाडल्यावर कुणीतरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बघते. २०२५ मध्ये चवथ २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला गेली. अठरा दिवस मागेपुढे, आणि वेलाला अधिक महिना कळत नाही. म्हणून चवथीपासून उलटे मोजायचे. बी टाकल्यापासून काकडी आणि भेंडी ४५ ते ५० दिवसांत हाती येते, दोडक्या-कारल्याला ५५ ते ६० लागतात, पडवळाला त्याहून थोडे जास्त. वर दहा दिवस पावसाच्या नावाने सोडा, कारण झड लागली की वेल हलत नाही. चवथ ऑगस्टअखेरीस असेल तर दोडक्याचे बी जूनच्या मध्याला मातीत हवे. सप्टेंबरच्या मध्यावर असेल तर दोन आठवडे उशीर चालतो, पण तेव्हा जुलैचा पाऊस कोवळे रोप आडवे करतो. तेव्हा रोपे छपराखाली लहान पिशव्यांत वाढवा आणि दोन-तीन खरी पाने आली की मुळे न दुखावता मोठ्या पिशवीत हलवा. सगळे बी एकाच दिवशी टाकू नका. निम्मे आज, निम्मे बारा दिवसांनी. पहिला हप्ता गोगलगायींचा, दुसरा तुमचा.

मातीचे काम मे महिन्यातच उरकायचे, ऊन आहे तोवर. गोव्यात अंगण खणले की बऱ्याच ठिकाणी चार बोटांवर जांभा लागतो आणि घरातला उत्साही खणणारा तिथेच बसतो. त्यामुळे पिशव्या बऱ्या. भेंडी-मिरचीला १२ बाय १२ इंचाची पिशवी पुरते, तिच्यात साधारण २० लिटर माती मावते. वांग्याला आणि वेलांना १५ बाय १५ ची घ्या, ती ४० लिटरच्या वर जाते. गच्चीवर ठेवणार असाल तर आधी हिशोब करा: भिजलेली मोठी पिशवी ४० किलोपेक्षा जड होते, अशा दहा म्हणजे सहा-सात पाहुणे चार महिने एकाच जागी बसले असे समजा. त्या मधोमध न ठेवता कठड्याच्या कडेने, खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे ठेवायच्या, आणि खाली दोन-दोन विटा सारायच्या, म्हणजे पाणी वाहून जाते आणि गच्ची गळत नाही.

आता मिश्रण. पुण्या-बंगळुरातल्या गच्च्यांसाठी सांगितलेले ‘एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)’ हे प्रमाण इथे पावसाळ्यात जसेच्या तसे उचलू नका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे कोकोपीट ओल्या स्पंजासारखे बसते आणि मुळे कुजतात. पावसाळी पिशवीला दोन भाग लाल माती, एक भाग जुने शेणखत आणि एक भाग भाताचा जळका कोंडा (तूस) किंवा जाड रेती घ्या. कोकोपीट ऑक्टोबरनंतर वापरा, तेव्हा त्याचा ओलावा धरण्याचा गुण कामी येतो. पिशवीच्या तळाला घरचीच नारळाची सोडणे घालत असाल तर ती आधी दोन-तीन पाण्यांत भिजवून ते चहासारखे तांबडे पाणी ओतून द्या. त्यातल्या क्षारांनी आणि टॅनिनने कोवळी मुळे मार खातात. भोके तळाला असतातच, पण बाजूनेही दीड इंच उंचीवर चार भोके पाडा, कारण तळाची भोके चिखलाने बुजतात.

इथली माती आंबट, म्हणजे आम्ल. २० लिटरच्या पिशवीला एक मोठा चमचा शेतीचा चुना किंवा डोलोमाइट मिसळून पंधरा दिवस तशीच राहू द्या, मग शेणखत घाला. दोन्ही एकाच दिवशी घातले तर खतातला नत्र अमोनिया होऊन उडतो आणि शेजारी नाक धरून विचारायला येतात. पानाला लावायचा ओला चुना चालत नाही, तो फार तिखट.

शेणखत निवडताना हात घाला. ऊबदार लागले तर अजून कच्चे आहे. मुठीत धरून सोडल्यावर भुसभुशीत पडले आणि वासाला पावसाच्या मातीसारखे आले तर घ्या. ते ताडपत्रीवर पातळ पसरून दोन दिवस मेच्या उन्हात ठेवा आणि चाळा. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली हुमणी त्यात हमखास निघते आणि ती राहिली की ऑगस्टमध्ये भरल्या पिशवीतले झाड मुळासकट हातात येते. चाळलेली हुमणी कोंबड्यांना टाका, त्यांच्या घरी त्या दिवशी चवथ. मग प्रत्येक पिशवीत मूठभर, साधारण ५० ग्रॅम, निंबोळी पेंड.

घरच्या ओल्या कचऱ्याचे खत करायचे असेल तर भांडे दोन हवेत, झाकण घट्ट हवे, आणि एक मापटे ओल्याला दोन मापटी सुका पालापाचोळा हवा. पाला कमी पडला की वास येतो, वास आला की घरात ‘हे कोणाचे डोके’ असा प्रश्न येतो. उपाय बादलीभर सुका पाला आणि एकदा ढवळणे एवढाच. खरा पेच मासळीच्या कचऱ्याचा. सुंगटांची, म्हणजे कोळंबीची साले आणि बांगड्यांची डोकी उघड्या खतात टाकली की रात्री मांजर, पहाटे कुत्रा, आणि सकाळी सगळे अंगणभर. त्याचे वेगळे करा. मासळीचा कचरा आणि साधा गूळ वजनाला वजन घेऊन प्लास्टिकच्या बरणीत थर द्या, बरणी तीन-चतुर्थांशच भरा, तोंडाला फडके बांधा, सावलीत तीन-चार आठवडे ठेवा. काचेची, घट्ट झाकणाची बरणी वापरू नका, आतल्या वायूने ती फुटू शकते, आणि त्यानंतर ती खोली कोणी वापरत नाही. तयार द्रव तपकिरी, वासाला गोड-आंबट होतो. एका लिटर पाण्यात २ ते ५ मिली घालून मुळाशी द्या, पंधरवड्यातून एकदा. माडाचा गूळ यात घालू नका, तो खायचा आहे.

बी मेमध्ये घ्या. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या खरेदीच्या दिवसांत आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी बी-बियाणे घेऊन बायका बसलेल्या असतात. जुने गोवे इथल्या किनारी कृषी संशोधन संस्थेत आणि तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयातही विचारून बघा. गावठी भेंडी मागताना सात शिरांची म्हणून मागा. बाजारातल्या नेहमीच्या भेंडीला पाच शिरा असतात, ही जाड आणि लांब, पावसात टिकणारी, आणि झाड उंच जाते म्हणून काठी आधीच रोवून ठेवायची. मिरचीला काणकोणची खोला घेतली तर ती भौगोलिक मानांकनाची, रंगाला लालभडक. बी कुठलेही असो, दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून चार-पाच दिवस ठेवा. सात रुजले तर पेरा, चार रुजले तर दुप्पट पेरा, एकही नाही तर ज्याने ‘गेल्या वर्षीचेच आहे, चालेल’ म्हटले त्याच्याकडे बघा. मिरचीला मात्र दहा दिवस द्या. तांबड्या भाजीचे (लाल माठाचे) बी खसखशीएवढे, ते चार पट कोरड्या रेतीत मिसळून शिंपडा, वर बोटाच्या पेराच्या पावएवढी माती. त्याच संध्याकाळी मुंग्या ते उचलून नेतात, म्हणून वाफ्याभोवती राखेची रेघ ओढायची, आणि पावसाने ती वाहून गेली की पुन्हा ओढायची.

एक गोष्ट मात्र नक्की येते, म्हणून ती मुलांच्या नावावर लावा: हळद. मेअखेर दोन डोळ्यांचा, २५-३० ग्रॅमचा तुकडा दोन इंच खोल पुरला की श्रावणात पातोळ्या (हळदीच्या पानात वाफवायचा गोड पदार्थ) करायला पाने मिळतात. एका झाडाची दोनच पाने काढा, सगळी ओरबाडली तर खाली हळद पोसत नाही.

मांडव वेल लावण्याआधी उभा करा. वेल उंबऱ्यावर आल्यावर मांडव घालणाऱ्या घरात दोडके तुळशी वृंदावनावर लोंबतात. चार बांबू, सहा फूट उंची, वर सहा इंची चौकटीची जाळी किंवा काथ्याच्या दोऱ्या. खालून हात घालून फळ काढता आले पाहिजे. बांबूचे बुंधे दीड फूट गाडा, जुलैतले वारे पाल्यासकट मांडव उचलतात.

मग पहिली फुले येतात आणि गळतात. घरात सुतक पडल्यासारखे होते. गळणारी ती नर फुले असतात, वेल आधी तीच काढतो. मादी फुलाच्या मागे बोटाएवढी इवली काकडी किंवा दोडका चिकटलेला दिसतो. सततच्या पावसात मधमाश्या फिरकत नाहीत, तेव्हा हे काम माणसाला करावे लागते. ताजे नर फूल तोडा, पाकळ्या सोलून टाका, मधला पिवळा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच दोन-तीनदा टेकवा. काकडीचे सकाळी नऊच्या आत, दोडक्याचे संध्याकाळी, कारण त्याचे फूल दिवेलागणीला उमलते. हात लागला नाही तर इवले फळ पिवळे पडून वाळते आणि दोष खताला जातो.

फळ धरले की फळमाशी येते. तिने टोचलेली काकडी वाकडी होते, कापली की आत अळ्या. वेलवर्गी भाज्यांना क्यू-ल्युअरचा, म्हणजे नर माशीला वासाने ओढणाऱ्या आमिषाचा सापळा लागतो. आंब्याला टांगलेला मिथाइल युजेनॉलचा सापळा इथे आणून लावून काही होत नाही, ती माशी वेगळी. चार-पाच वेलांना एक सापळा पुरे, आणि माटोळीसाठी हेरलेल्या फळांना कागदी पिशवी चढवा, भिजली की बदला. आफ्रिकन गोगलगायींसाठी रात्री नऊनंतर टॉर्च, चिमटा आणि मिठाच्या पाण्याची बादली. पपईची साले ओल्या गोणपाटाखाली ठेवली की त्या तिथेच जमतात. माकडांवर उपाय जाळी, बाकी सगळे त्यांची करमणूक.

वांगे किंवा टोमॅटो सकाळी ताठ, दुपारी मान टाकलेला आणि तिसऱ्या दिवशी हिरवाच वाळलेला दिसला तर पाणी वाढवू नका. खोड बुंध्यापाशी कापून तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरा. पाच मिनिटांत दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला तर तो जिवाणूजन्य मर आहे, औषध नाही. झाड मातीसकट बाहेर काढा, कंपोस्टात टाकू नका, आणि त्या पिशवीत पुढे वांगे, टोमॅटो, मिरची लावू नका. टोमॅटोचे अर्का रक्षक हे वाण या रोगाला दाद देत नाही. गावठी वांगी हवीच असतील तर रानवांग्यावर कलम केलेली रोपे मिळतात का बघा.

आता ताटातला हिशोब. भेंडीचे झाड एक दिवसाआड एक भेंडी देते. सहा झाडे लावणाऱ्या घरात रोज तीन भेंड्या येतात, आणि त्या पाच माणसांत कशा वाटायच्या यावर जेवणापेक्षा जास्त वेळ जातो. भाजीला पुरायच्या तर किमान पंधरा झाडे लावा आणि तीन दिवसांचा तोडा एकत्र करा. चौथ्या दिवसावर मात्र ठेवू नका, झाडावर राहिलेली भेंडी लाकूड होते. अळू घरचे म्हणून कच्चे चाखू नका. सोला (आमसुले), बिंबले किंवा आंबाडे असे काही आंबट घालून चांगले शिजवल्याशिवाय घसा खाजतो. पाल्यामागे लपून दांडगे, पिवळे झालेले तवसे (मोठी काकडी) फुकट नाही, किसून तांदळाचा रवा आणि गूळ घालून तवसळी हा गोड पदार्थ होतो.

माटोळीची फळे आदल्या सकाळी, दोन-अडीच इंच देठ ठेवून कात्रीने कापा, देठ नसला तर माटोळी बांधायचा केवणीच्या सालीचा दोर घसरतो. आणि सगळ्यांत सरळ, निरोगी काकडी तोडूच नका. तिला लाल चिंधी बांधा, बियाण्याची म्हणून. चिंधी नसली की कुणीतरी ती कोशिंबिरीत घालतेच. वेलावर पिवळी-तपकिरी होऊन मऊ पडली की बी गरासकट दोन दिवस वाटीत आंबवा, चोळून धुवा, तळाला बसलेलेच घ्या, सावलीत आठवडाभर वाळवा, राखेत मिसळून डब्यात भरा आणि डब्यावर वर्ष लिहा.