यकृतपेशींवर दाहाचा परिणाम: आयएल-६ देऊन जनुके कशी मोजावीत

शरीरात दाह सुरू झाला की आयएल-६ (इंटरल्युकिन-६, दाहाचा निरोप नेणारे प्रथिन) यकृतपेशीवरच्या ग्राहीला चिकटते, जॅक विकरे स्टॅट-३ या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाला फॉस्फेट लावतात आणि स्टॅट-३ केंद्रकात शिरते. मग सीआरपी, एसएए (दोन्ही दाहात वाढणारी प्रथिने), हेप्सिडिन (लोहाचे नियंत्रण करणारे संप्रेरक) यांची जनुके चढतात, अल्ब्युमिनचे उतरते. बडोद्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हे डिशमध्ये दाखवता येते, पण पेशी आणि वेळ दोन्ही नीट निवडायला हवीत.

हेप्सिडिनसाठी हेपजी२ ही यकृताच्या कर्कपेशींची वाढवलेली ओळ चालते. सीआरपी बघायचे असेल तर तशीच दुसरी ओळ, हेप३बी, घ्या; हेपजी२मध्ये ते फार कमी वाढते. पेशी पुण्याच्या एनसीसीएसकडून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) मागवायच्या असतील तर थंडीत मागवा. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि वाटेत फ्लास्क तापतो. आल्या आल्या मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून वाढणारे सूक्ष्म जीवाणू) तपासा. त्याचा संसर्ग असेल तर पेशी आधीच दाहाच्या अवस्थेत असू शकतात आणि पुढचे आकडे फुकट जातात.

सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला ५ लाख पेशी पेरा. हेपजी२ गुठळ्या करते, म्हणून ट्रिप्सिनने (पेशी तळापासून सोडवणारे विकर) सुट्या केल्यावर २१ गेजच्या सुईतून दोन-तीनदा हळू ओढा. दुसऱ्या दिवशी सीरम १० टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणा आणि रात्रभर ठेवा. सीरममधले वाढघटक संकेतमार्ग आधीच चालू ठेवतात, मग कंट्रोलच उंच येतो आणि फरक दिसत नाही. सकाळी आयएल-६, २० नॅनोग्रॅम प्रति मिली द्या. सीआरपीसाठी जोडीला आयएल-१ बीटा हे दुसरे दाहप्रथिन, १० नॅनोग्रॅम. कंट्रोलला ०.१ टक्का बीएसए (गाईचे अल्ब्युमिन) असलेला पीबीएस (फॉस्फेटयुक्त खारे द्रावण), तेवढाच. एका वेलमध्ये तासभर आधी रुक्सोलिटिनिब हे जॅक रोखणारे औषध, १ मायक्रोमोलर, घाला. वाढ तिथे थांबली तरच ती जॅकमार्गाची मानता येईल. आयएल-६ऐवजी एलपीएस (जीवाणूंच्या आवरणातला दाहकारक घटक) ओतू नका: शरीरात त्याला मुख्यतः कुफर पेशी (यकृतातल्या भक्षकपेशी) उत्तर देतात, आणि त्या या प्लेटमध्ये नाहीत.

बहुतेक प्रयोग वेळ चुकल्याने फसतात. फॉस्फो-स्टॅट-३ १५ ते ३० मिनिटांत बघा, सॉक्स-३चा (स्टॅट-३नेच चालू होणारे जनुक) आरएनए एका तासाला, हेप्सिडिन आणि सीआरपी २४ तासांना. सॉक्स-३ हाच मार्ग दाबतो, म्हणून उशिरा गेलात तर फॉस्फो-स्टॅट-३ उतरलेले दिसेल आणि आयएल-६ मुळातच काम करत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल. सॉक्स-३ चढला नाही तर २४ तासांच्या वेलवर अभिकर्मक खर्च करू नका; आयएल-६च पुन:पुन्हा गोठवून-वितळवून निकामी झालेले असण्याची शक्यता मोठी. छोट्या भागांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा.

वेलला १ मिली ट्रायझॉल (आरएनए काढायचे द्रावण), मग डीएनेज (उरलेला डीएनए तोडणारे विकर), मग १ मायक्रोग्रॅम आरएनएपासून सीडीएनए (आरएनएची डीएनए-प्रत). क्यूपीसीआरमध्ये (डीएनए वाढवत मोजण्याची पद्धत) तुलनेचे संदर्भ-जनुक म्हणून एकट्या जीएपीडीएचवर विसंबू नका. आरपीएलपी० आणि टीबीपी लावा. आयएल-६ने त्यांचा सीटी (संकेत दिसू लागण्याची चक्रसंख्या) ०.५ चक्राहून जास्त हलला तर संदर्भ-जनुक बदला. एकाच प्लेटमधले तीन वेल हा एकच प्रयोग धरा. वेगवेगळ्या पासेजच्या (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटण्याच्या फेऱ्या) तीन प्लेटा हव्यात.

औषधे पचवणारे सीवायपी३ए४ हे विकर दाहात घटते, पण हेपजी२मध्ये ते मुळातच नगण्य असते. ती घट मोजायला हेपाआरजी ही दुसरी पेशी-ओळ किंवा प्राथमिक (थेट यकृतातून काढलेल्या) यकृतपेशी लागतात.