दुसऱ्या राज्यातल्या भावाला रायफल वापरायला देताना

"घरचाच माणूस आहे, कोण विचारतंय?" अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो ऐकला की माझा संयम सुटतो. १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट इथे नातं बघत नाही, दोघं कुठल्या राज्यात राहतात ते बघतो. राज्यं वेगळी असतील तर सख्ख्या भावालाही बंदूक परस्पर देता येत नाही. अपवाद दोनच: वारसाहक्काने मिळणारी, आणि कायदेशीर खेळासाठी तात्पुरती उसनी दिलेली.

सगळ्यात आधी त्याचा व्हिसा विचारा. संकोच करू नका. ग्रीन कार्डवाल्याला हरकत नाही, पण एच-वन बीवर असलेल्याला सहसा बंदूक बाळगता येत नाही. त्याच्याकडे इथल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. हे माहीत असून दिलीत तर २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खरी गोम आहे ती 'खेळासाठी' या शब्दात. मीही सुरुवातीला इथेच अडलो होतो. हरणाची शिकार किंवा नेमबाजीची स्पर्धा यात बसते. स्वसंरक्षण बसत नाही! बहीण दुसऱ्या राज्यात एकटी राहते म्हणून तिच्याकडे पिस्तूल ठेवून येणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजच्या हॉस्टेलवर राहणारी मुलगीसुद्धा त्या काळात तिथलीच रहिवासी धरली जाते. आणि तात्पुरती म्हणजे तात्पुरतीच. सीझन संपला की रायफल परत यायला हवी. "राहू दे तुझ्याकडेच" म्हटलंत की ते उसनं देणं राहत नाही. कायदा मागत नाही, तरी सिरियल नंबर, कारण आणि परतीची तारीख लिहून दोघांच्या सह्या झाल्याशिवाय मी बंदूक हातातून सोडत नाही. भाऊ रुसला तर रुसू दे.

कायमची द्यायची असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फतच द्या. पिस्तूल असेल तर तो विक्रेता घेणाऱ्याच्या राज्यातला लागतो. विक्रेत्याकडे भरायच्या फॉर्म ४४७३ वर "मी स्वतःसाठीच घेतोय" असं खोटं लिहून दुसऱ्यासाठी विकत घेऊ नका. व्हर्जिनियाच्या अब्राम्स्कीने पेनसिल्व्हेनियातल्या काकांसाठी सवलतीत पिस्तूल घेतलं. काका बंदूक बाळगायला पूर्ण पात्र होते, तरीही २०१४ साली सुप्रीम कोर्टाने त्याची शिक्षा कायम ठेवली.

गाडीतून नेताना बंदूक रिकामी, डिकीत, कुलूपबंद.

शेवटी भावाच्या राज्याचा कायदा वाचा, कारण तो याहून कडक असू शकतो. कॅलिफोर्नियाच्या आत कुटुंबात उसनी द्यायलाही ३० दिवसांची मर्यादा आहे, आणि मेव्हणा किंवा चुलतभाऊ त्या कुटुंबात मोडत नाहीत.