गावात वर्क फ्रॉम होम करताना डोक्याचा भुगा होऊ नये म्हणून काय करावं

नोकरी पुण्याच्या कंपनीची अन् लॅपटॉप वरुड-मोर्शीकडच्या नाहीतर यवतमाळकडच्या गावात, असे पोरंपोरी आता बरेच दिसतात. त्यांचं दुखणं कामापेक्षा काम बंद करायच्या वेळेचं आहे. ऑफिसला वाटते हा कधीही ऑनलाइन सापडते, अन् घरच्यांना वाटते हा तर घरीच बसून आहे, मंग वावरात चहा नेऊन दे, सिलेंडर आणून दे.

पहिले बर्नआउट, म्हणजे कामानं माणूस पार थकून जाणं, ओळखा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या दिली, त्याला आजार न म्हणता कामातून आलेली अवस्था म्हटलं. तीन खुणा आहेत: अंगात त्राण न राहणं, कामाचा वीट येणं, अन् आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. दोन दिवसांचा कंटाळा वेगळा.

मंग लाइनीचा बंदोबस्त करा, कारण गावात निम्मं टेन्शन तिथूनच येते. दुपारी दोन तास लाइन गेली की माणूस ते दोन तास रात्री भरून काढते, अन् हळूहळू रात्रीचे बारा ही रोजचीच वेळ होऊन बसते. मॅनेजरला आधीच लिहून टाका: "दुपारी वीज जाते, त्या वेळात मीटिंग नको, मी सकाळी ८ ला बसतो अन् ५ ला बंद करतो." राउटरला करंट कमीच लागते, त्याच्यासाठी छोटा यूपीएस घ्या. नेटशिवाय होणारी कामं त्या वेळेसाठी राखून ठेवा. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला मोटारीची लाइन रात्रीची असली तर त्या आठवड्यात सकाळी उशिरा बसायची परवानगी मागा, लाजू नका, रात्रभर वावरात अन् सकाळी ९ ला कॅमेऱ्यासमोर हे शरीराला झेपत नाही. मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलरच्या आवाजावर ओरडून बोलत राहिलं तर डोकं उठतेच, महत्त्वाचे कॉल सकाळीच उरका.

आता घरचे. दार लोटलं म्हणजे ड्युटी, उघडलं म्हणजे मोकळा, हे ठरवा अन् मोकळं झाल्यावर सांगितलेलं काम खरंच करा, नाहीतर कोणी ऐकणार नाही. सुनेचं मात्र लयच अवघड, लॅपटॉप उघडा असला तरी पाहुण्यांचा चहा तिच्याच नावावर, इथं सासूबाईशी नवऱ्यानं बोलावं, तिनं नाही. नवरा गप्प बसत असेल तर बाकीचे उपाय फुकट आहेत.

मोबाईलचं सोपं आहे. ऑफिसचे व्हॉट्सअॅप ग्रुप कायमचे म्यूट करा, अर्जंट असेल तर फोन करा म्हणून सांगा. संध्याकाळी लॅपटॉप बॅगेत टाका, खाटेवर नको. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा, अंगणातला कडुलिंब पुरते.

इतकं करूनही दोनेक आठवडे झोप लागत नसेल, रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर घरी कोणाला तरी सांगा अन् १४४१६ वर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येते. राजीनाम्याचा विचार डोक्यात असेल तर आधी सुट्टी टाकून झोप भरून घ्या, मंग ठरवा.