बालकलाकाराला सेटवर घेण्याआधी

बालमजुरी कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 14 वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांची मनाई झाली. दोन वाटा तेवढ्या उघड्या राहिल्या: शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार, आणि सर्कस वगळता कलाकार म्हणून काम. वाद पेटला तो पहिल्या वाटेवर. ‘घरचं काम’ म्हणून मजुरी लपेल, हा विरोधकांचा आक्षेप. कारागिरी घरातच शिकली जाते, हे सरकारचं म्हणणं. दुसऱ्या वाटेची चर्चा त्या मानाने कमी झाली, पण नेमक्या अटी तिथेच जास्त आहेत. त्या 2017 च्या नियमांत सापडतात.

परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची लागते, आणि तीही शूटिंग जिथे होणार त्या जिल्ह्याची. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे वेगळे जिल्हे. गोरेगावच्या फिल्मसिटीसाठी वांद्र्याचं कार्यालय गाठावं लागतं. दोन दिवस वाईला जायचं असेल तर साताऱ्याची परवानगी वेगळी. अर्जासोबत ‘फॉर्म सी’मधलं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव द्यायचं. दर पाच मुलांमागे असा एक माणूस हवा. हमीपत्र सहा महिनेच चालतं. मालिका वर्षभर लांबते, नूतनीकरण मात्र राहून जातं.

कामाची मर्यादा दिवसाला 5 तास, विश्रांतीशिवाय सलग 3 तास, आणि सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. मोठ्यांच्या 12 तासांच्या शिफ्टवर मुलाचा कॉलटाइम (सेटवर हजर राहायची वेळ) बेतला की हे गणित कोलमडतं. म्हणून मुलाचे सीन एकत्र लावा आणि शाळेचं वेळापत्रक आधी मागून घ्या. अभ्यासात खंड पडू न देण्याची सोय निर्मात्यालाच करायची असते.

सगळ्यात जास्त चूक पैशांत होते. मानधनाचे किमान 20 टक्के थेट मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत. पूर्ण चेक वडिलांच्या नावे काढून ‘तुम्हीच ठेव करा’ म्हणणं चालत नाही. पतसंस्था किंवा खासगी बँकही नाही. करार करतानाच खातं उघडून घ्या आणि पावतीची प्रत फाइलला लावा.

मुलाने नको म्हटलं तर पालकांची सही असूनही त्याला उभं करता येत नाही. मुलांना कामाची मनाई करणाऱ्या कलम 3 चा भंग हा दखलपात्र गुन्हा आहे: 6 महिने ते 2 वर्षं कैद, 20 ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही.