मृच्छकटिकाचा नववा अंक हाती पेन्सिल घेऊन कसा वाचावा

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’शी मराठी माणसाची ओळख बहुधा गाण्यांतून होते. गोविंद बल्लाळ देवलांनी या संस्कृत ‘प्रकरणा’ला, म्हणजे कल्पित कथेवरच्या नाटकाला, संगीत नाटकाचे रूप दिले आणि त्यातील ‘रजनीनाथ हा नभीं उगवला’ हे पद आजही नाट्यसंगीताच्या मैफलीत हमखास फर्माईश म्हणून येते. माझ्या ओळखीच्या रसिकांत हे पद कोणी कसे गायिले यावर तासभर वाद घालणारी मंडळी आहेत, मात्र नाटकाचा नायक, गरिबी आलेला सज्जन ब्राह्मण चारुदत्त, याला वधस्थानापर्यंत नेणारा खटला नेमका कसा चालला, हे त्यांपैकी कोणालाच सलग सांगता येत नाही. हा दोष त्यांचा नाही. आपण चाहते झालो की आवडीच्या जागा पाठ करतो आणि उरलेले नाटक रिकामे सोडतो. वर्षानुवर्षे तुरुंगात काढून निर्दोष सुटलेल्या माणसाची बातमी वाचली की मी मात्र हा खटला ज्यात आहे तो नववा अंक उघडतो. तो कसा वाचावा, याची माझी पद्धत पुढे दिली आहे.

प्रथम आवृत्तीविषयी. मूळ संहिता, प्राकृत संवादांची संस्कृत छाया, म्हणजे शब्दशः रूपांतर, आणि मराठी अर्थ असे तिन्ही ज्यात आहे, ती प्रत घ्यावी. या नाटकात अनेक पात्रे वेगवेगळ्या प्राकृत बोली बोलतात आणि घाईत वाचणारा माणूस नेमके तेच संवाद ओलांडून श्लोकांकडे धावतो. नवव्या अंकातले बरेचसे महत्त्वाचे बोलणे प्राकृतात आहे, म्हणून ही सवय येथे नडते.

पूर्ण दहा अंक वाचायला वेळ नसेल, तर निदान तिसरा, सहावा आणि आठवा वाचून मगच नवव्याकडे वळावे. सहाव्यात चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन मातीच्या गाडीवर रुसतो आणि चारुदत्तावर प्रेम करणारी गणिका वसंतसेना आपले दागिने उतरवून ती गाडी भरून देते. त्याच अंकात गाड्यांची अदलाबदल होऊन ती चुकून शकाराच्या गाडीत बसते. आठव्यात राजाचा मेहुणा शकार पुष्पकरंडक उद्यानात तिचा गळा आवळतो आणि ती मेली असे समजून निघून जातो. म्हणजे न्यायालयात पाऊल ठेवण्यापूर्वीच सत्य काय ते आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे गुन्हेगार ओळखण्याच्या खटपटीत न पडता पूर्ण लक्ष प्रक्रियेवर ठेवता येते. तिसऱ्या अंकातून एकच ओळ वहीत उतरवून घ्यावी. घरफोडीत वसंतसेनेची ठेव गेल्यावर चारुदत्त म्हणतो, ‘शङ्कनीया हि लोकेऽस्मिन् निष्प्रतापा दरिद्रता’. गरिबीच्या अंगी तेज नसते आणि म्हणून जग तिच्यावरच संशय घेते, असा तिचा भाव आहे. पुढचा सगळा खटला या ओळीवर उभा आहे.

आता नववा अंक. पहिल्या वाचनात पेन्सिल खाली ठेवावी. दुसऱ्या वाचनात फक्त एकाच गोष्टीखाली रेघ ओढावी: ज्या ज्या ठिकाणी न्यायालयाला थांबता आले असते आणि ते थांबले नाही. खलनायकाखाली रेघा ओढत बसू नये. शकार इतका हास्यास्पद रंगवला आहे की प्रेक्षक त्याच्यावर लुब्ध होतो, आणि त्याच्या ‘स’च्या जागी ‘श’ म्हणणाऱ्या बोलीला हसता हसता न्यायाधीशाचे वागणे नजरेतून निसटते.

पहिली रेघ अगदी सुरुवातीलाच पडते. शकार फिर्याद घेऊन आल्याचे कळताच अधिकरणिक, म्हणजे न्यायाधीश, त्याचे काम आज चालणार नाही असा निरोप देतो. शकार चिडून धमकी देतो की मेहुण्याला, राजा पालकाला, सांगून या न्यायाधीशाला काढून टाकीन आणि दुसरा बसवीन. निरोप तात्काळ बदलतो. आत आल्यावर शकार कोठे बसावे याचा विचार करत चक्क न्यायाधीशाच्या डोक्यावर हात ठेवतो. हा प्रसंग रंगमंचावर हशा पिकवतो. कागदावर वाचताना तो इतका विनोदी वाटत नाही.

त्यानंतरची जागा सावकाश वाचण्याची आहे. पैशासाठी वसंतसेनेचा गळा कोणीतरी दाबला, हे सांगताना शकाराच्या तोंडून ‘मी नव्हे’ असे निघून जाते आणि तो तोंडावर हात ठेवतो. न्यायाधीश ते हेरतो आणि लेखनिकाला हे शब्द आधी टिपायला सांगतो. लेखनिक लिहितो. शकार आपण ‘मीच पाहिले’ असे म्हणत होतो अशी सारवासारव करतो आणि लिहिलेली अक्षरे पायाने पुसून टाकतो. याबद्दल त्याला कोणी शिक्षा करत नाही आणि ते शब्द कोणी पुन्हा लिहूनही घेत नाही. समासात येथे ‘अर्धे वाक्य, पुसले’ एवढेच लिहून पुढे जावे.

मधल्या भागात शकार खुनाचा आळ चारुदत्तावर घेतो. हा भाग वेगाने वाचला तरी चालेल, परंतु तीन नोंदी कराव्यात. गणिकेशी असलेले प्रेम चारचौघांत कबूल करण्याची चारुदत्ताला लाज वाटते, आणि त्याची चाचरणारी उत्तरे त्याच्याविरुद्ध जातात. उद्यानात पाहायला पाठवलेला नगररक्षक वीरक श्वापदांनी खाल्लेले एका स्त्रीचे प्रेत पाहून येतो, पण ते कोणाचे, हे कोणीही तपासत नाही. शकाराशी झोंबत असताना चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून रोहसेनाच्या गाडीतले ते दागिने खाली पडतात. वसंतसेनेची आई ते पाहून ‘सारखे आहेत, पण ते नव्हेत’ असे सांगून जावयासारख्या त्या माणसाला वाचवू पाहते, तर चारुदत्त स्वतःच ते तिचेच असल्याचे प्रामाणिकपणे मान्य करतो.

मग चाबकाची धमकी येते. वसंतसेनेवाचून जगण्यात अर्थ उरला नाही असे मनाशी ठरवून चारुदत्त ‘मी क्रूराने...’ असे म्हणून थांबतो आणि उरलेले हा सांगेल, असे शकाराकडे बोट दाखवून म्हणतो. शकार लगेच ‘मारली’ हा शब्द भरतो. समासात येथे ‘अर्धे वाक्य, दुसऱ्याने पूर्ण केले’ असे लिहावे आणि पाने मागे उलटून आधीची नोंद शेजारी धरावी. एकाचे अर्धे वाक्य पुसले गेले, दुसऱ्याचे अर्धे वाक्य फिर्यादीने पुरे केले आणि तो कबुलीजबाब ठरला. आपल्याकडे 1872च्या पुरावा कायद्यापासून पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. ते कशासाठी आहे, हे या दोन टिपणांवरून मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा लवकर कळले.

न्यायाधीश वाईट माणूस नाही, हे विसरू नये. चारुदत्ताने खून केला यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि मनूचा आधार देऊन तो वधाऐवजी हद्दपारीची शिफारस करतो. राजा ती फेटाळतो. वसंतसेनेची आई त्यापूर्वीच म्हणालेली असते की खटला वादी-प्रतिवादींचा असतो, वादी मी आहे, तेव्हा याला सोडा. तिला गप्प बसवले जाते. या ओळीला मी दोन रेघा ओढल्या आहेत.

यानंतर हवे असल्यास एखादी ताजी बातमी घेऊन तिच्यात याच जागा शोधाव्यात: फिर्याद कोणाच्या दबावाने दाखल झाली, कोणाचे म्हणणे नोंदले आणि कोणाचे पुसले, कोणते प्रेत, कागद किंवा दागिना न तपासता पुरावा मानला. भारतातील तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे आहेत, म्हणून अशा बातमीसाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. मात्र पात्रे जुळवण्याचा खेळ करू नये. प्रत्येक आरोपी चारुदत्त नसतो, आणि वाचकाला येथे आठव्या अंकाची सोय नसते.

शेवटी दहाव्या अंकाची पहिली काही पाने वाचावीत. शकाराचा नोकर स्थावरक साखळदंडासह वाड्यावरून उडी मारून खरे सांगायला येतो, तर हा सोने चोरणारा गुलाम आहे, असे म्हणून त्याची साक्ष उडवून लावतात. त्यानंतर वधस्थानी दोन चांडाळ आज मारण्याची पाळी कोणाची, याचा हिशोब करत बसतात. त्यांतला एक म्हणतो की बापाने मला सांगून ठेवले आहे, पाळी आली तरी घाई करू नकोस. न जाणो कोणी सज्जन पैसे भरून सोडवील, राजाला मुलगा होईल, हत्ती साखळी तोडेल, नाहीतर राजाच बदलेल. तेवढ्या वेळात वसंतसेना धावत तेथे पोचते.